संग्रहालयात व्याख्यान ठेवायचंय, चित्रपट दाखवायचाय? आधी शेवटच्या खुर्चीवर बसून बघा

कलासंग्रहालयात किंवा छोट्या कलादालनात नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या गळ्यात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक काम पडतं: "पुढच्या महिन्यात एक व्याख्यान ठेवा, जमलं तर एखादा चित्रपटही दाखवू." खुर्च्या मांडायच्या, पाहुणे बोलवायचे, प्रोजेक्टर लावायचा, एवढंच तर आहे, असं वाटतं. पण वक्ता वाईट निघाला म्हणून कार्यक्रम क्वचितच फसतो. मागच्या चार रांगांना पडद्याचा खालचा भाग दिसत नाही, माइक शिट्टी मारत राहतो, लॅपटॉप मधेच अपडेट व्हायला लागतो, नाहीतर व्याख्यान संपतं तेव्हा दालनाला कुलूप असतं. फसतो तो अशा गोष्टींनी. यातली प्रत्येक गोष्ट आठवडाभर आधी कळू शकते. कार्यक्रम ज्या वेळी आहे त्याच वेळी, त्याच जागी, सगळ्यात मागच्या आणि मग सगळ्यात कडेच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. पुढे सांगितलेलं जवळपास सगळं त्या खुर्चीवरूनच ठरतं.

आमच्या नाशिकमध्ये श्रोत्यांची वानवा नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेला लोक वर्षानुवर्षं येऊन बसतात. तास-दीड तास ऐकायची सवय असलेलं हे गाव आहे, आणि शेवटी उभं राहून प्रश्न विचारणारंही. म्हणून संग्रहालयाने त्यांना आणखी एक भाषण देऊ नये. इतर कुठल्याही सभागृहात मिळत नाही ते इथे आहे: ज्याबद्दल बोलणं चाललंय ते चित्र, ती मूर्ती, ते नाणं पलीकडच्या खोलीत प्रत्यक्ष ठेवलेलं असतं.

आधी वस्तू ठरवा, मग वक्ता

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. ओळखीतले कुणी मोठे वक्ते मिळतात, तारीख ठरते आणि मग विषय शोधला जातो. तसं करू नका. आपल्या संग्रहातली एक किंवा फार तर तीन चित्रं निवडा आणि स्वतःला विचारा, कार्यक्रम संपल्यावर माणसं उठून कशासमोर जाऊन उभी राहतील? गोदाघाटाची जलरंगातली चित्रं लावलेली असतील, तर "जलरंगात पांढरा रंग कुठून येतो" हा विषय "भारतीय निसर्गचित्रणाची परंपरा" या विषयापेक्षा कितीतरी चांगला. पहिल्या विषयावर ऐकलेला माणूस दालनात जाऊन चित्रातला कोरा सोडलेला कागद शोधतो.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. दालन साडेपाचला बंद होतं आणि कार्यक्रम साडेसातला संपतो. दालन कार्यक्रमानंतर किमान ४५ मिनिटं उघडं राहील, त्यासाठी एक पहारेकरी आणि एक माहितगार माणूस थांबेल, हे पहिल्याच दिवशी वरिष्ठांकडून लेखी घ्या. ते मिळत नसेल तर कार्यक्रम सकाळी अकराला ठेवा. रविवारी सकाळी अकराला नाशिककर येतात.

तारीख आणि वेळ

मे महिन्यातल्या संध्याकाळी टाळा, नाहीतर वसंत व्याख्यानमालेशी टक्कर होते. दाट लग्नतिथी पंचांगात बघून घ्या. जागा जुन्या गावात, सराफ बाजार किंवा भांडी बाजाराच्या आसपास असेल तर जुलै ते सप्टेंबर जपून. धरणातून पाणी सोडलं आणि गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की त्या भागात माणसं येत नाहीत, आणि आलेल्यांच्या गाड्यांची काळजी आपल्याला लागते. छत पत्र्याचं असेल तर पावसाळ्यात व्याख्यान ठेवूच नका. जोराची सर आली की माइक कितीही वाढवला तरी शब्द कळत नाही.

दर महिन्याचा एकच ठरलेला दिवस, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, हा दर वेळी सोयीची तारीख शोधण्यापेक्षा चांगला. तीन-चार महिन्यांत लोकांच्या तो अंगवळणी पडतो. फक्त त्या दिवशी आपल्या भागात महावितरणचं देखभालीचं काम नसतं ना, हे आधी विचारून घ्या.

जागा मोजताना

टेप घेऊन बसा. समजा तुमची खोली ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे, जमीन सपाट आहे. पडद्यापासून पहिली रांग १० फुटांवर. रांगेपासून रांग ३ फूट, त्यापेक्षा कमी केलं की उशिरा आलेला माणूस आत जाताना अख्खी रांग उठवतो. अशा ८ रांगा केल्या की शेवटची रांग पडद्यापासून ३१ फुटांवर येते. दोन्ही भिंतींना ४-४ फूट वाट सोडा. मधली वाट ठेवू नका, पडदा सगळ्यात चांगला दिसणारी जागा तीच असते. उरलेल्या १७ फुटांत हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एका रांगेत ९ बसतात. म्हणजे ७२ माणसं. "भिंतीला लागून अजून वीस बसतील" असं कुणीतरी म्हणेलच. नाही म्हणा. भिंतीवर चित्रं आहेत, आणि ती वाट आग लागली तर बाहेर पडायची आहे.

दुसरी रांग पहिलीच्या बरोब्बर मागे लावू नका, अर्धी खुर्ची सरकवून लावा. डेकोरेटरची मुलं खुर्च्या एका रेषेत लावतात, कारण ते दिसायला नीटनेटकं असतं. त्यांना आधीच सांगा, किंवा पहिल्या दोन रांगा स्वतः लावून दाखवा.

आपल्याकडे नेहमी होणारी चूक म्हणजे पडदा खाली लावणं. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतं. म्हणून सपाट जमिनीवर पडद्याची खालची कड ४ फुटांच्या खाली नको. १० फूट रुंद पडद्याची उंची १६:९ मापात (रुंदी १६ तर उंची ९) ५ फूट ७ इंच होते, म्हणजे वरची कड साडेनऊ फुटांच्या वर जाते. छत १० फुटांपेक्षा बुटकं असेल तर हट्ट सोडून ८ फुटांचा पडदा घ्या. त्याची उंची साडेचार फूट. लहान चित्र पूर्ण दिसलेलं बरं. चित्रपटाच्या तळाशी येणारी उपशीर्षकं दिसली नाहीत तर परभाषेतला चित्रपट मागच्या निम्म्या लोकांसाठी मूकपट होतो.

आणखी एक हिशोब: शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. साडेपाच फूट उंचीला ३३ फूट. वरच्या मांडणीत आपण ३१ फुटांवर आहोत.

प्रोजेक्टर

भाड्याने घेताना तीन गोष्टी विचारा: किती ल्युमेन (म्हणजे प्रकाश किती), थ्रो किती, आणि दिवा किती तास चाललेला आहे.

ल्युमेनचा हिशोब सोपा आहे. पडद्याचं क्षेत्रफळ १० गुणिले ५.६, म्हणजे ५६ चौरस फूट. प्रोजेक्टरवर ३००० लिहिलं असेल तर चित्रपटाला योग्य अशा रंगांच्या सेटिंगवर प्रत्यक्षात १८०० धरा. १८०० भागिले ५६, आले ३२, म्हणजे दर चौरस फुटाला ३२ ल्युमेन. चित्रपटगृहात हा आकडा १४ ते १६ असतो. म्हणजे पूर्ण अंधार असेल तर ३००० ल्युमेन भरपूर झाले, दिवा जुना होऊन निम्म्यावर आला तरी चालेल. पण एक ट्यूबलाइट चालू राहिली किंवा पश्चिमेची खिडकी उघडी राहिली, तर ५००० वालाही फिका पडतो. ज्यादा ल्युमेनसाठी पैसे घालण्याआधी काळ्या कापडाला घाला. जाड काळं कापड खिडकीच्या चौकटीपेक्षा सहा-सहा इंच बाहेर येईल असं लावा. संध्याकाळी पाचला ऊन कुठून येतं ते सकाळी बघून कळत नाही, म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, त्याच वेळी जाऊन बसा.

थ्रो म्हणजे प्रोजेक्टर आणि पडद्यातलं अंतर भागिले पडद्याची रुंदी. १.५ थ्रोचा प्रोजेक्टर १० फूट पडद्याला १५ फुटांवर ठेवावा लागतो. आपल्या मांडणीत १५ फूट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मधे! कार्यक्रमाच्या दिवशी टेबल तिथे ठेवलं की त्याच्यामागच्या खुर्च्या वाया जातात, पंख्याचा आवाज आणि गरम हवा शेजारच्यांना, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पडद्यावर सावली पाडतो. छताला टांगायची सोय करून घ्या, नाहीतर मागच्या भिंतीजवळून टाकता येईल असा लांब पल्ल्याच्या लेन्सचा प्रोजेक्टर मागा.

प्रोजेक्टर वाकडा ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ करायची सवय लावून घेऊ नका. त्यात चित्राचे कण टाकून दिले जातात आणि बारीक रेषा कापऱ्या दिसतात. व्याख्यानाच्या आकडेवारीला चालून जाईल, पण कुणी लघुचित्रातली केसाएवढी रेष दाखवत असेल तर तिथेच सगळं बिघडलं.

चित्राचं प्रमाणही बघा. जुने चित्रपट जवळपास चौकोनी, ४:३ मापाचे असतात. ते रुंद पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. पडदा भरावा म्हणून कुणी चित्र ताणलं की माणसांचे चेहरे पसरट होतात, आणि चित्रकलेच्या संग्रहालयात असं दाखवणं तर अक्षम्य.

दिवेवाल्या प्रोजेक्टरला यूपीएस लावा. वीज गेली की पंखा थांबतो, तापलेला दिवा थंड होत नाही आणि तडकू शकतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून ४०० वॉटच्या आसपास जातात. चांगल्या बॅटरीचा १ केव्हीएचा यूपीएस जनरेटर सुरू होईपर्यंतची काही मिनिटं सांभाळून घेतो. ध्वनिक्षेपक त्यावर लावू नका.

आवाज

संग्रहालयाची खोली म्हणजे फरशी, काच आणि उघड्या भिंती. टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज घुमत राहिला तर शब्द एकमेकांत मिसळणार. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड पडदा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. माणसं बसली की खोली आणखी शांत होते, म्हणून रिकाम्या खोलीत थोडा घुमला तर घाबरू नका.

स्पीकर वक्त्याच्या पुढे, उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. वक्ता स्पीकरच्या पुढे आला की माइक स्वतःचाच आवाज ऐकतो आणि शिट्टी वाजते. वक्त्याला फिरायची सवय असेल तर जमिनीवर पांढऱ्या टेपने एक रेघ मारा: "सर, या रेघेच्या पुढे नका येऊ." माइक तोंडापासून चार बोटं. कॉर्डलेस माइकमध्ये सेल नवे घाला, कालच्या कार्यक्रमातले "अजून चालतात" असे नकोत. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी दुसरा माइक आणि तो घेऊन फिरणारा एक माणूस हवाच. नाहीतर प्रश्न फक्त पहिल्या रांगेला कळतो.

लॅपटॉप चार्जरला लावल्यावर स्पीकरमधून 'हंम्म' ऐकू येत असेल, तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर एकाच प्लगपॉइंटवरून घ्या. बहुधा तेवढ्याने जातो.

कोणता चित्रपट, आणि दाखवायचा हक्क कुणाचा

इथे नवखे लोक हमखास अडकतात. मोफत आहे, पन्नासच माणसं आहेत, त्यामुळे परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली, हक्कधारकाची लेखी परवानगी. घरी घेतलेलं ओटीटीचं सभासदत्व किंवा विकत घेतलेली डीव्हीडी घरात बघण्यासाठी असते. निर्मात्याला किंवा वितरकाला साधं पत्र लिहा: संस्था, तारीख, जागा, आसनं किती, तिकीट आहे की नाही, एकच खेळ की जास्त. लहान माहितीपटांचे दिग्दर्शक अनेकदा अल्प शुल्कात परवानगी देतात, कधी स्वतः येऊन बोलायलाही तयार असतात. पत्र किमान सहा आठवडे आधी जाऊ द्या.

दुसरी, सेन्सॉर प्रमाणपत्र. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला ते लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या) गटात ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या आल्या आहेत. चित्रकलेच्या क्लासची मुलं येणार असतील तर हा गट जाहिरातीतच छापा. प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट दाखवायचा तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. तिकीट लावणार असाल तर पोलीस आयुक्तालय आणि अग्निशमन विभागाकडे काय लागतं ते जागेच्या नकाशासह आधी विचारून या.

प्रिंट कुठून मिळवायची? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं. ते आणि सरकारी माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन, दोन्ही २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाले, त्यामुळे पत्र त्यांच्या नावाने. फिल्म्स डिव्हिजनच्या ठेव्यात चित्रकारांवरचे छोटे माहितीपट आहेत आणि संग्रहालयाला ते फार सोयीचे. उदाहरणार्थ सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये दृष्टी गेलेले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर केलेला माहितीपट वीसेक मिनिटांचा आहे. वीस मिनिटं चित्रपट, तीस मिनिटं बोलणं, मग दालन. नवख्यांनी सुरुवात याच मापाने करावी. अडीच तासांचा चित्रपट संपल्यावर कुणीही चित्र बघायला थांबत नाही.

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० च्या चित्रपटाचा ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण हे मूळ चित्रपटापुरतं. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नव्याने दिलेलं पार्श्वसंगीत, नवी उपशीर्षकं यांचे हक्कही वेगळे.

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याला फाळके टाळून पुढे जाता येणार नाही. दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. या दोनपैकी एका तारखेच्या आसपास त्यांचे मूकपट दाखवावेत असं प्रत्येकाला वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण दोन गोष्टी सांभाळा. "संपूर्ण राजा हरिश्चंद्र" असं कधीही छापू नका. १९१३ चा हा चित्रपट चार रिळांचा होता, त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. त्या मानाने १९१९ चा कालिया मर्दन बराच शाबूत आहे. त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पाऊण तासाच्या कार्यक्रमाला तो जास्त भरतो.

दुसरी गोष्ट वेग. मूकपट साधारण सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास चित्रित होत. तेच २४ ने चालवले की दीडपट वेगाने पळतात, तासाचा चित्रपट ४० मिनिटांत संपतो आणि लोक भक्तिप्रसंगातही हसतात. ते हसू फाळक्यांचं नाही, आपल्या चुकीच्या सेटिंगचं असतं. आलेली फाइल आधी पूर्ण बघा. माणसं टुणटुण चालत असतील तर वेग कमी करून दाखवा. मूकपटात मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचणारा एक चांगला आवाज आणि सोबत पेटी-तबला असेल तर पूर्वीच्या प्रेक्षकांनी जसा पाहिला त्याच्या बऱ्याच जवळ जाता येतं. फिल्मी गाण्यांच्या चाली मात्र वाजवू नका, त्यांचे हक्क वेगळे लागतात आणि त्या चित्रपटाला शोभतही नाहीत.

फाइलची तालीम

चित्रपट डीसीपीमध्ये (चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीत) पाठवला असेल तर तो साध्या लॅपटॉपवर चालत नाही, चित्रपटगृहाचा सर्व्हर लागतो. कुलूपबंद डीसीपीची डिजिटल किल्ली ठरावीक तासांपुरतीच चालते. आपल्याला एमपी-४ हवी असं पत्रातच लिहा. ब्लू-रे डिस्क आली तर ती कुठल्या प्रदेशातल्या यंत्रांवर चालते ते बघा, भारत 'सी' गटात येतो.

फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. पेन ड्राइव्हवरून थेट चालवली की अडखळते. मराठी उपशीर्षकांची एसआरटी फाइल चित्रपटाच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि साठवताना अक्षरांसाठी 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा. तसं नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. एचडीएमआय केबल ३० फुटांच्या पुढे गेली की चित्र जातं-येतं. लॅपटॉपच प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि आवाजाची वायर पुढे न्या. वाय-फाय बंद, व्हॉट्सअ‍ॅप बंद, अपडेट बंद, स्लीप बंद. आणि पूर्ण चित्रपट, शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत, त्याच यंत्रावर एकदा चालवून बघा. पहिली दहा मिनिटं बघून "चालतंय" म्हणणं ही तालीम नव्हे. आवाज आणि ओठ यांचा मेळ कधीकधी मध्यावर सुटायला लागतो.

वक्त्याशी बोलणं

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी पत्राने किंवा मेलने कळवा: विषय, तारीख, पोहोचायची वेळ, बोलायची मिनिटं, मानधन, प्रवासखर्च, चित्रीकरण होणार की नाही आणि ते पुढे कुठे टाकणार. मानधनाचा आकडा बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. पहिल्याच पत्रात लिहिला की दोघांचाही सुटतो.

४५ मिनिटं बोलणं, २० मिनिटं प्रश्न. स्लाइड ३० पेक्षा जास्त नकोत. त्यापेक्षा एकच चित्र आधी पूर्ण आणि मग त्याचे तीन-चार जवळून घेतलेले तुकडे दाखवायला सांगा. पाहणाऱ्याला ते राहतं. फाइल दोन दिवस आधी मागवा. दिवंगत होऊन ६० वर्षं न झालेल्या चित्रकाराची चित्रं व्याख्यानात समीक्षेसाठी दाखवणं वेगळं आणि त्याचा व्हिडिओ जाहीर करणं वेगळं. दुसऱ्यासाठी परवानगी घ्या.

पाहुणे पुण्याहून येत असतील तर थेट रेल्वेमार्ग नाही, गाडीने साधारण २१० किलोमीटर, आणि चाकणला कधी कोंडी लागेल याचा नेम नाही. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम असेल तर दुपारी तीनला नाशिकमध्ये, असंच ठरवा. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांना नाशिकरोडहून गावात यायला नऊ-दहा किलोमीटर आहेत, न्यायला माणूस पाठवा. आल्यावर आधी चहा, मग लगेच दालन. वक्त्याने आपली चित्रं प्रत्यक्ष बघितलेली असली की बोलणं आपोआप त्यांच्याकडे वळतं.

चित्रांची काळजी

संग्रहालयात कार्यक्रम करायचा म्हणजे हे सगळ्यात आधी, आणि ते कुणासाठीही वाकवायचं नाही.

दीपप्रज्वलन दालनात नको. समईची काजळी वर जाऊन कॅनव्हासवर बसते. तेल सांडतं, धूर-सूचक वाजतो. समई प्रवेशद्वाराबाहेर, वाऱ्याचा आडोसा करून ठेवा, पाहुण्यांनी तिथे वात लावावी आणि आत यावं. हा बदल कुणाला खटकत नाही, उलट स्वागतच तिथे होतं. झेंडूची तोरणं, गुच्छ, रांगोळी हेही उंबऱ्याबाहेरच. फुलांतून किडे येतात आणि कागद-कॅनव्हासला लागतात, रांगोळीची भुकटी पंख्याने उडून चौकटींवर बसते. नारळ फोडायचा तर अंगणात.

चहा-बिस्किटं वेगळ्या खोलीत किंवा ओसरीवर. पाण्याची बाटलीसुद्धा दालनात नको. ओल्या छत्र्या दाराशी बादलीत.

बसलेला माणूस सुमारे १०० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देतो आणि तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ७० माणसं म्हणजे तासाला तीन लिटरच्या आसपास. बंद खोलीत कागद फुगतो, चौकटीतल्या काचेच्या आतून ओल धरते. म्हणून जलरंग, छायाचित्रं, पोथ्या असलेल्या खोलीत चित्रपट दाखवू नका, शेजारच्या खोलीत दाखवा. जागा एकच असेल तर ती चित्रं त्या दिवसापुरती उतरवा. आर्द्रतामापक भिंतीवर असू द्या आणि सुरुवातीला, मधे, शेवटी आकडा टिपून ठेवा.

कागदावरच्या कामांना ५० लक्स (चित्रावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप), तैलचित्रांना २०० पर्यंत, एवढाच प्रकाश. चित्रीकरण करणारे हॅलोजन घेऊन येतात. ते आत येऊ देऊ नका. मोठे बेस स्पीकर चित्रांच्या भिंतीला टेकवले की खिळे सैलावतात. भिंतीपासून लांब, खाली रबर घालून ठेवा. चित्रांपुढे अडीच-तीन फुटांवर दोरी.

अंगणात दाखवायचा असेल तर

मेमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास, त्यापुढे ४० मिनिटांनी पडदा दिसायला लागतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. म्हणजे हातात सव्वादोन तास, त्यात प्रास्ताविक आणि प्रश्न धरून चित्रपट १०० मिनिटांपेक्षा मोठा नको. शेजारी दवाखाना, शाळा किंवा न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर तो शांतता विभाग, तिथे हा बेतच सोडा. पडद्याचं कापड शिडासारखं वारा धरतं, चारही कोपरे आणि मधून दोन-दोन ठिकाणी बांधा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत नऊनंतर लोक बसत नाहीत आणि दवाने लेन्स धुरकट होते.

लोकांपर्यंत पोहोचणं

स्थानिक वृत्तपत्रांच्या 'आजचे कार्यक्रम' सदरासाठी चार दिवस आधी १०० शब्दांत मजकूर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं पोस्टर पाठवू नका, त्यातला मजकूर वेगळा टाइप करून खाली द्या, म्हणजे शोधता येतो आणि ज्येष्ठांना वाचता येतो. त्यात हे हवंच: चित्रपटाची भाषा, उपशीर्षकांची भाषा, लांबी, वयोगट, जिना किती पायऱ्यांचा, गाडी कुठे लावायची, दालन किती वाजेपर्यंत उघडं. कागदी पत्रकं सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रज स्मारकाच्या फलकावर लावायची परवानगी मागा. शाळांतल्या चित्रकला शिक्षकांना मात्र स्वतः फोन करा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं त्यांच्याचकडे असतात. एक शिक्षक आला की दहा मुलं येतात, त्यांचे आईबाबाही.

त्या दिवशी

सहाचा कार्यक्रम धरून: दुपारी दोनला खुर्च्या, तीनला प्रोजेक्टर-आवाज, चारला शेवटच्या खुर्चीवरून तपासणी, साडेचारला सगळ्या चित्रांची एक फेरी आणि मोबाइलवर फ्लॅशशिवाय फोटो. साडेपाचला दार उघडा.

प्रास्ताविक, परिचय, सत्कार मिळून सात मिनिटं. हे लिहून ठेवा आणि सूत्रसंचालकाच्या हातात द्या. शाल-श्रीफळ शेवटी द्या, आभारप्रदर्शन तीन वाक्यांत उरका. नाहीतर पंचवीस मिनिटं औपचारिकतेत जातात आणि ती कापली जातात श्रोत्यांच्या प्रश्नांतून. अंधार करण्याआधी बाहेर पडायची दारं हाताने दाखवा, त्यांच्यावरचे छोटे दिवे चालूच ठेवा. चित्रपट संपल्यावर दिवे एकदम लावू नका, श्रेयनामावली संपू द्या.

मग "आपण आता पलीकडच्या दालनात जाऊ" एवढं म्हणून स्वतः पुढे चालायला लागा. लोक मागे येतात. एका वेळी २० जण आत सोडा, बाकीच्यांना तोवर चहा.

सगळे गेले की साडेचारचे फोटो उघडून तीच फेरी पुन्हा मारा: चौकट तिरकी झाली का, काचेवर बोटं उमटली का, दोरी कुणी सरकवली का. आर्द्रतेचे तीन आकडे, आलेल्यांची संख्या, काय अडलं आणि कुठल्या खुर्चीवरून दिसलं नाही, हे त्याच रात्री वहीत लिहा. चित्रपटाची हार्ड डिस्क दुसऱ्या दिवशी पोचपावतीसह परत करा, लॅपटॉपमधली प्रत पुसा, आणि परवानगी देणाऱ्याला किती लोकांनी पाहिला ते पत्राने कळवा. पुढचा चित्रपट मागताना हेच पत्र सोबत जोडायचं असतं.